जयंतीच्या आदल्या रात्री नाट्यगृह जळालं. ज्यांचं नाव त्यावर होतं ते केशवराव भोसले कोण होते?

मुरुड (ता. लातूर) : आज ९ ऑगस्ट. संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती. आपल्या भागात हे नाव जुन्या जाणत्या माणसांना माहीत आहे. नव्या पोरांना मात्र ते पहिल्यांदा कळलं ते मोबाईलवर आलेल्या आगीच्या व्हिडिओतून.

८ ऑगस्ट २०२४, गुरुवारची रात्र. कोल्हापुरातल्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शंभर वर्षांपेक्षा जुनी वास्तू. बघता बघता छत खाली आलं, रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. दुसरा दिवस उजाडला तो ज्यांचं नाव त्या इमारतीला दिलं त्यांच्या जयंतीचा. दरवर्षी जिथं हार घालायचा, तिथं त्या सकाळी कलाकार मंडळी राखेकडं बघत रडत उभी होती.

त्यानंतर नाट्यगृहावर पुष्कळ लिहून आलं. पण ज्या माणसाचं नाव त्या दगडी भिंतीवर होतं, तो माणूस कोण, कुठून आला, त्यानं काय केलं, हे आपल्या गावाकडच्या वाचकाला कुणी नीट सांगितलं नाही. म्हणून आज ही हकिकत. शेवटी आपल्या लातूरच्या गोलाईचंही दोन शब्दांत बोलायचं आहे. त्याचा आणि याचा संबंध आहे, तो वाचल्यावर कळेल.

बाप गेला आणि पोरगं नाटकात गेलं

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. घर मराठ्याचं, परिस्थिती गरिबीची. वडील लवकर गेले. पदरात लहान लेकरं आणि घरात मिळवणारं कुणी नाही, अशी आईची अवस्था झाली. असा प्रसंग आजही आपल्या गावात कुणाकुणावर येतो. मग आई कुणाच्या शेतात जाते, पोरगं कुणाच्या दुकानात लागतं. तेव्हाच्या कोल्हापुरात पोरगं लागलं ते नाटक कंपनीत.

त्या काळी नाटक कंपनी म्हणजे फिरतं बिऱ्हाड असायचं. आज या गावात, महिन्यानं त्या गावात. मालक, गाणारे, वाजवणारे, पडदे ओढणारे, आचारी, सगळे एकत्र राहणार, एका पंगतीत जेवणार. गळा चांगला असलेली लहान पोरं कंपनीला लागायची, कारण बायका तेव्हा रंगमंचावर येत नसत. बाईचं काम पोरांनीच करायचं. जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत केशव दाखल झाला. वय शाळेत जायचं होतं, पण शाळा फारशी नशिबात आली नाही. दोन वेळचं जेवण आणि गाण्याची तालीम, हीच त्याची शाळा.

नाटकात जाणाऱ्याला तेव्हा समाजात मान नव्हता. चांगल्या घरातली माणसं पोराला नाटकात घालत नसत. पोट भरायचं म्हणून त्या माउलीनं ते केलं. त्यातून पुढं काय उभं राहणार आहे हे तिला तरी कुठं माहीत होतं?

नऊ-दहा वर्षांची शारदा

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवल यांचं संगीत शारदा हे नाटक आलं. गोष्ट साधी आहे. भुजंगनाथ नावाचा पैसेवाला म्हातारा, त्याला म्हातारपणी लग्नाची हौस. कांचनभट नावाचा बाप, पैशाच्या लोभानं कोवळ्या पोरीला त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला. ती पोरगी म्हणजे शारदा.

लहानग्या केशवनं ही शारदा उभी केली. खरंच त्या वयाचं लेकरू, खरंच कोवळा गळा आणि समोर म्हाताऱ्या नवऱ्याची भीती. लोक ढसाढसा रडायचे. या एका भूमिकेनं केशवचं नाव गावोगाव झालं आणि कंपनीच्या गल्ल्याला बरकत आली.

वाचकहो, हे नाटक जुनं झालं असं समजू नका. शाळेत जाणाऱ्या पोरींची लग्नं गुपचूप लावायचे प्रकार आपल्या मराठवाड्यात अजून बंद झालेले नाहीत. ऊसतोडीला जाताना पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून घाईनं हात पिवळे करणारे आईबाप आपण पाहिलेत. त्यांची अडचण खरी असते, पण पोरीचं आयुष्यही खरंच असतं. सव्वाशे वर्षांपूर्वी एक कोल्हापूरचं लेकरू हेच गाऊन सांगत होतं.

सतराव्या वर्षी मालक

१ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला केशवरावांनी स्वतःची कंपनी काढली. नाव ठेवलं ललितकलादर्श. वय किती? सतरा. आपल्याकडं या वयाचं पोरगं बारावीला असतं आणि बाप त्याच्या ट्यूशनची फी भरत असतो. केशवरावांनी त्या वयात एवढ्या माणसांच्या जेवणाची, पगाराची, प्रवासाची जबाबदारी अंगावर घेतली.

नाटक हा तेव्हा धंदा होता, हे ध्यानात घ्या. तिकीट विकलं तर चूल पेटणार. पाऊस लागला की प्रेक्षक घटणार. कर्ज काढायचं, पडदे-कपडे करायचे, गावोगाव सामान न्यायचं. शेतकऱ्याला हे समजवून सांगायची गरज नाही. पेरणीला पैसा घालायचा, आणि पीक हाती येईल का ते देवाच्या भरवशावर. कंपनीचंही तसंच.

पण केशवरावांनी फक्त गल्ल्याकडं बघितलं नाही. गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून त्यांनी गाण्याची तालीम घेतली आणि बुवांच्या चाली आपल्या नाटकांत आणल्या. जुनी नाटकं चालत होती, तरी नवे लेखक धरले. अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचं राक्षसी महत्त्वाकांक्षा रंगमंचावर आणलं, त्यातली त्यांची मृणालिनी फार गाजली. मामा वरेरकर नावाच्या नव्या लेखकाचं हाच मुलाचा बाप हे नाटक घेतलं. ते होतं हुंड्यावर. मुलाच्या बापानं लग्नाच्या बाजारात पोराची किंमत कशी लावायची, यावर. ज्या प्रेक्षकाकडून तिकिटाचे पैसे घ्यायचे त्यालाच त्याची चूक दाखवायची, याला छाती लागते. पुढं वरेरकरांचंच संन्याशाचा संसारही त्यांनी केलं.

रंगमंचावरची मांडणीही बदलली. मराठी रंगभूमीवर मखमली पडदा आणण्याचं श्रेय केशवरावांना दिलं जातं. देखावा खरा वाटला पाहिजे, कपडा चांगला पाहिजे, उजेड नीट पाहिजे, यासाठी ते पैशाकडं बघत नसत. तिकीट काढून आलेल्या माणसाला फसवायचं नाही, हा त्यांचा हिशेब.

महाराजांनी बांधलेलं थिएटर

आता इमारतीकडं येऊ. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आपल्याला आरक्षण, शाळा, वसतिगृहं, राधानगरीचं धरण यासाठी माहीत आहेत. महाराजांना कुस्तीचा नाद होता तसाच गाण्या-नाटकाचाही. अल्लादिया खाँ यांच्यासारखा गवई त्यांच्या दरबारी होता. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, यांनाही लहानपणी महाराजांचा आधार मिळाला होता. आपल्याच गावचा केशवराव तर हक्काचा.

१९०२ साली महाराज विलायतेला गेले, तेव्हा त्यांनी युरोपातली शहरंही पाहिली. रोममधलं जुनं गोल मैदान त्यांच्या मनात बसलं. परत आल्यावर कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदान झालं. मधे खोलगट आखाडा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे मागच्या माणसालाही डाव दिसतो. त्या मैदानाला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात नाट्यगृह बांधलं. तेव्हा त्याचं नाव पॅलेस थिएटर. एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला गवई, असा तो महाराजांचा बेत.

या थिएटरचं खरं मोल आतल्या बांधणीत होतं. बाहेरून दगडी भिंती, आणि आत मोठं दालन असूनही मधे एकही खांब नाही. त्यामुळं कुणाच्या डोळ्याआड काही येत नसे. रंगमंच लाकडी आणि त्याच्या खाली मुद्दाम खोल मोकळी जागा सोडलेली, आवाज घुमावा म्हणून. तेव्हा माईक नव्हता, भोंगा नव्हता. नटानं गळ्यातून काढलेला सूर शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत गेला पाहिजे, तर इमारतीनंच मदत करायला हवी. आपण लहानपणी विहिरीत तोंड घालून हाक मारायचो, आवाज कसा भरून वर यायचा? हलगीला पोटात पोकळी नसेल तर ती वाजेल का? तेच शास्त्र कारागिरांनी तिथं वापरलं. म्हणजे ते सगळं थिएटरच एक वाद्य होतं म्हणा ना.

दगडी भिंती महाराष्ट्रात ढिगानं आहेत. पण त्या काळातलं, माइकाशिवाय चालणारं, आतून जसंच्या तसं राहिलेलं थिएटर मोजून थोडी. हे मनात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

८ जुलै १९२१

केशवरावांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस कोणता, असं विचारलं तर नाटकवेडी माणसं ही तारीख सांगतात.

त्या काळात दोन नावं एकमेकांसमोर उभी होती. एक बालगंधर्व, दुसरे केशवराव. दोघांच्या कंपन्या वेगळ्या, चाहते वेगळे. आपल्याकडं दोन पैलवानांचे गट असतात, तसे गट होते. एकाच्या चाहत्यानं दुसऱ्याचं कौतुक करायचं नाही. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य टिळक गेले आणि त्यांच्या नावानं टिळक स्वराज्य फंड सुरू झाला. त्या फंडासाठी या दोघांनी एकाच नाटकात उभं राहायचं ठरवलं.

मुंबईच्या बालीवाला थिएटरात संयुक्त मानापमान झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपये होता. शंभर रुपयांत तेव्हा काय काय येत होतं याचा अंदाज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. तरी थिएटर भरलं. एका रात्रीत सोळा हजारांच्या पुढं रक्कम जमली आणि ती देशासाठी गेली.

लोक आले होते कोण वरचढ ठरतो ते बघायला. पण दोघंही एकमेकाला सांभाळून, मान देऊन गायले. धंद्यातली चुरस बाजूला ठेवून दोन मालक एका कामासाठी एकत्र येऊ शकतात, हे त्या रात्री लोकांनी बघितलं. आज आपल्या गावात एका गणपतीचे तीन गणपती होतात, तिथं ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

एकतीस वर्षांचं आयुष्य

त्या रात्रीनंतर तीन महिनेही गेले नाहीत. विषमज्वरानं, म्हणजे आपण ज्याला टायफॉइड म्हणतो त्यानं, केशवराव आजारी पडले. आज तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या-सलाईनवर हा आजार बरा होतो. तेव्हा त्याच्यावर औषध निघालेलं नव्हतं. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात ते गेले. वय अवघं एकतीस. त्यानंतर सात महिन्यांनी, ६ मे १९२२ ला, शाहू महाराजही गेले.

मालक गेला की कंपनी मोडते, असा तेव्हाचा नेम होता. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, पुढं त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी नाव चालवलं. सतरा वर्षांच्या पोरानं लावलेलं रोप असं पिढ्यान् पिढ्या टिकलं.

१९५७ साली कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला केशवराव भोसले यांचं नाव देण्यात आलं. पोट भरायला नाटकात गेलेलं बिनबापाचं लेकरू, त्याचं नाव राजाच्या थिएटरवर लागलं.

मग आग लागली

नाट्यगृह बंद पडलेलं नव्हतं. अलीकडच्या काळात त्याचं नूतनीकरण झालं होतं. प्रयोग होत होते, शाळेची स्नेहसंमेलनं होत होती. जुनी इमारत वापरात राहिली की ती जगते, हे खरं. पण वापराबरोबर जोखीमही येते. ज्या वास्तूत कधीकाळी दिव्यांवर नाटक व्हायचं तिथं आता लाइटचे मोठमोठे दिवे, साउंड, एसी, शेकडो मीटर वायर. आणि खाली शंभर वर्षं वाळलेलं लाकूड. अशा ठिकाणी आगीला अवसर मिळाला की ती थांबत नाही. कडब्याच्या गंजीला ठिणगी लागल्यावर काय होतं ते आपल्याला सांगायला नको.

आगीनंतर दगडी भिंतींचा बराच भाग उभा राहिला. आतलं सगळं गेलं. राज्य सरकारनं निधी जाहीर केला, होतं तसं पुन्हा उभारायचं म्हणून काम हाती घेतलं गेलं. ते चांगलं आणि वेळेत व्हावं, ही कोल्हापूरकरांची इच्छा, आणि आपलीही. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या फळ्यांवर त्या काळच्या नटांचे पाय पडले, त्या फळ्या आता परत येणार नाहीत. नवीन रंगमंच हुबेहूब झाला तरी तो नवीनच. शिवाय हुबेहूब करायचा तर जुनी मापं, जुने नकाशे, आतले फोटो लागतात. रंगमंचाखालची पोकळी किती खोल होती, छताचा उतार किती होता, हे कागदावर असेल तरच कारागीर ते पुन्हा करू शकतो. आणि असे कागद करायचे असतात ते इमारत धडधाकट असताना.

आता आपल्या गोलाईकडं

कोल्हापूरचं थिएटर १९१५ साली पुरं झालं. आपल्या लातूरच्या गंजगोलाईची दुमजली इमारत १९१७ ची. म्हणजे दोन्ही एकाच पिढीच्या. तिकडं शाहू महाराजांचं संस्थान, इकडं निजामाचं राज्य. फैयाजुद्दीन यांनी आराखडा केला. मधे अंबाबाईचं मंदिर, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सोनं, एकाला चप्पल, कुठं मिरची, कुठं गूळ. आपल्या मुरुडचा माणूस लातूरला गेला आणि गोलाईला वळसा घातला नाही असं होत नाही. लग्नाचा बस्ता बांधायचा तर गोलाई, दिवाळीचा बाजार करायचा तर गोलाई.

पण आपण तिथं काय बघतो? भाव बघतो, आणि ते बरोबरच आहे. मान वर करून कमान कुणी बघत नाही. कुठं जुनं लाकूड आहे, कुठं जुनी फरशी आहे, कुठल्या पाटीमागं काय झाकलंय, हे विचारत नाही. बाजारात पायाखाली गर्दी आणि डोक्यावर वायरींचं जाळं, हे चित्र कुठल्याही जुन्या पेठेत दिसतं. मुरुडमध्ये आणि आसपासच्या गावांतही सागवानी खांबांची, माळवदाची जुनी दुकानं, अडती, वाडे अजून काही उरलेत. १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या मनात जुन्या दगड-मातीच्या घरांची भीती बसली. ती भीती खोटी नव्हती, माणसं गेली होती. पण त्या भीतीपोटी चांगल्या, मजबूत वास्तूही आपण पाडल्या. सागवान विकलं, वर स्लॅब टाकला.

सगळं जुनं राखा, असं सांगायचा हेतू नाही. पडायला आलेल्या भिंतीखाली कुणी झोपू नये. पण जे उभं आहे, वापरात आहे, त्यासाठी चार कामं करता येतात आणि त्यातली दोन फुकटात होतात.

पहिलं, दुकानातलं जुनं वायरिंग चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या. मीटरवर झेपतो त्यापेक्षा जादा भार टाकू नका. दुसरं, आग विझवायचं सिलिंडर ठेवा, त्याची मुदत बघा आणि ते चालवायचं कसं हे दुकानातल्या पोराला शिकवा. तिसरं, फुकटातलं. हातात मोबाईल आहे ना? मालकाला विचारून जुन्या इमारतीचे आतून फोटो काढा. खांब, तुळई, छत, जिना, दार, कोनाडा. सोबत टेप धरून मापं लिहून ठेवा. चौथं, तेही फुकटातलं. घरातल्या, पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, हे कुणी बांधलं, लाकूड कुठून आलं, कोणता कारागीर होता. ती माणसं गेली की ती माहितीही गेली.

केशवरावांचा आवाज ऐकलेला माणूस आता जिवंत असणं शक्य नाही. तो आवाज ज्या घरासाठी होता ते घर मात्र एकशे नऊ वर्षं टिकलं, आणि एका रात्रीत गेलं. तिथं हळहळायला अख्खा महाराष्ट्र धावला. आपल्या पेठेतल्या एखाद्या जुन्या अडतीला आग लागली तर हळहळायला कोण येणार? आपणच. म्हणून आधी बघायचंही आपणच.

पुढच्या वेळी लातूरला बाजाराला जाल तेव्हा गोलाईत दोन मिनिटं थांबा. पिशवी खाली ठेवा आणि मान वर करून बघा. संगीतसूर्य केशवराव भोसले यांना जयंतीनिमित्त अभिवादन.